सुरक्षितता मोजायची कशी? मनी मार्केट फंडांवरचा एक पेपर वाचताना

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो: पेपरचं 'क्रिटिकल रीडिंग' करा म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं? मुलाखतीत 'या पेपरच्या मर्यादा सांगा' असं विचारलं की आपण 'सॅम्पल साइझ लहान आहे' हे ठरलेलं उत्तर देतो आणि गप्प बसतो. म्हणून आज असा पेपर घेतेय, ज्यात आकड्यांच्या ओळी भरपूर आहेत, पद्धत चांगली आहे, जर्नल नामांकित आहे. तरीही त्यावर म्हणण्यासारखं बरंच काही आहे.

पेपर आहे मार्चिन कात्स्पेर्चिक आणि फिलिप श्नाबल यांचा, 'हाऊ सेफ आर मनी मार्केट फंड्स?'. 2013 साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स'मध्ये आलेला. मी संख्याशास्त्राची आहे, अर्थशास्त्राची नाही. पण हा पेपर ज्या अडचणीशी झगडतो ती माझ्या विषयातली आहे: जी गोष्ट क्वचितच घडते, तिचा धोका मोजायचा कसा?

दुसरं कारण अगदी व्यवहारातलं. फेलोशिप दर महिन्याला वेळेवर येतेच असं नाही. जेआरएफचे 37,000 रुपये चार-सहा महिने अडकतात आणि मग थकबाकी एकदम खात्यात पडते. त्या दिवशी हॉस्टेलमधलं कोणीतरी हमखास सांगतं, "सेव्हिंगला कशाला ठेवतेस, लिक्विड फंडात टाक. एफडीसारखंच असतं, हवे तेव्हा काढता येतात." या वाक्यातलं 'एफडीसारखंच' किती खरं आहे, हेच हा पेपर तपासतो. तेव्हा आपण तो संशोधक म्हणूनही वाचू आणि खातेदार म्हणूनही. एवढं आधीच सांगते की हा गुंतवणुकीचा सल्ला नाही.

आधी फंड समजून घेऊ

मनी मार्केट फंड तुमचे-माझे पैसे एकत्र करून ते थोड्या दिवसांसाठी उसने देतो. सरकारला द्यायचे तर ट्रेझरी बिल घेतो, बँकेला द्यायचे तर सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, कंपनीला द्यायचे तर कमर्शियल पेपर. मुदत काही दिवस ते काही महिने. मिळालेल्या व्याजातून फंड आपला खर्च कापतो आणि उरलेलं आपल्याला देतो.

यात एक विसंगती दडलेली आहे. फंडाने पैसे दिलेत 60-90 दिवसांसाठी आणि आपल्याला सांगितलंय की उद्या मागा, उद्या देतो. रोज थोडेच लोक मागतात तोवर हे चालतं. सगळ्यांनी एकदम मागितले की फंडाला कागद विकावे लागतात, आणि सगळे विकायला निघालेले असताना घेणारा भाव पाडून मागतो.

अमेरिकेत या फंडांना 1983 च्या 'रूल 2ए-7' या नियमाने एक खास सवलत मिळाली. एका युनिटची किंमत कायम एक डॉलर दाखवता येते. कागदाचा त्या दिवशीचा बाजारभाव न धरता खरेदी किंमत आणि रोजचं व्याज धरायचं, आणि येणारा आकडा जवळच्या सेंटपर्यंत पूर्ण करायचा. खरी किंमत 99.6 सेंट असली तरी दिसणार एक डॉलरच. ती 99.5 च्या खाली गेली तरच फंड 'मोडला' म्हणायचं.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे ओळखीचं वाटेल. प्रॅक्टिकलला पहिल्या दिवशी शिकवतात की उपकरणाच्या लीस्ट काउंटपेक्षा लहान फरक त्या उपकरणाने दिसत नाही. एक सेंट लीस्ट काउंट असलेल्या तराजूवर अर्ध्या सेंटचे चढउतार दिसणारच नाहीत. त्यावरून 'वजन स्थिर आहे' असा निष्कर्ष काढला तर तो तराजूबद्दलचा निष्कर्ष झाला, वस्तूबद्दलचा नाही.

हा तराजू 2008 मध्ये उघडा पडला. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली. 'रिझर्व्ह प्रायमरी फंड'कडे लेहमनचे 78.5 कोटी डॉलरचे कागद होते. फंड होता सुमारे 6,200 कोटी डॉलरचा, म्हणजे लेहमनचा वाटा जेमतेम सव्वा टक्का. दुसऱ्याच दिवशी युनिटची किंमत 97 सेंट जाहीर झाली. त्या आठवड्यात इतर प्राइम फंडांमधूनही, म्हणजे बँका आणि कंपन्यांचे कागद घेणाऱ्या फंडांमधूनही, सुमारे 30,000 कोटी डॉलर बाहेर पडले. 19 सप्टेंबरला अमेरिकी सरकारने हमी जाहीर केली तेव्हा कुठे लोक थांबले.

सव्वा टक्क्याच्या तोट्यावर एवढी पळापळ का? छोटं गणित करून बघा. फंडात 100 रुपये आहेत, त्यातले 1.25 बुडालेत. तरी किंमत पूर्ण दाखवली जातेय. आधी धावलेले 60 रुपये पूर्ण भावाने घेऊन गेले. आता उरलेल्या 40 रुपयांवर सगळे 1.25 आले, म्हणजे तोटा 3 टक्क्यांच्या वर गेला. शेवटी राहणारा सगळ्यांचा तोटा भरतो. त्यामुळे अफवा खोटी असली तरी आधी पळणंच शहाणपणाचं ठरतं. बँकांच्या बाबतीत हे डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग यांनी 1983 मध्येच मांडलं होतं, त्याबद्दल 2022 चं नोबेलही मिळालं. फरक एवढाच की बँकेतल्या ठेवीला विमा असतो आणि फंडाला नसतो.

पेपर काय म्हणतो?

आता मूळ पेपरकडे येऊ. लेखकांचा काळ 2007 ते 2010 आणि दावे चार.

पहिला: ऑगस्ट 2007 मध्ये फंडांपुढे धोका पत्करण्याची संधी अचानक वाढली. मालमत्तांच्या तारणावर काढलेल्या कमर्शियल पेपरचा बाजार तेव्हा कोसळला. त्याआधी फंडांना परवानगी असलेल्या जवळपास सगळ्या कागदांवर सारखंच व्याज मिळायचं, त्यामुळे जास्त धोका घ्यायचा म्हटलं तरी वाव नव्हता. ऑगस्टनंतर सुरक्षित आणि जोखमीच्या कागदांच्या व्याजात मोठं अंतर पडलं.

दुसरा: जो फंड थोडं जास्त व्याज दाखवतो, त्याच्याकडे पैसा जोरात वाहतो. म्हणजे धोका घेण्याचं बक्षीस ठरलेलं होतं.

तिसरा: फंड चालवणाऱ्या ज्या कंपन्यांच्या व्यवसायात मनी मार्केट फंडांचा वाटा मोठा होता, त्यांनी जास्त धोका घेतला. ज्यांचे इतरही मोठे व्यवसाय होते त्यांनी कमी. हे पटण्यासारखं आहे. फंड मोडला तर नाव खराब होणार आणि इतर योजनांमधूनही लोक जाणार, त्यामुळे ज्याच्याकडे गमावण्यासारखं जास्त तो जपून वागणार.

चौथा: ज्यांनी जास्त धोका घेतला त्यांच्याकडूनच लोक पळाले.

पेपरची ताकद

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी पहिल्या दाव्यापाशी जरा थांबावं. एखादा फंड जास्त धोका का घेतो, हे नुसतं आकडे बघून सांगता येत नाही. कदाचित त्याचे ग्राहक वेगळे असतील, मॅनेजर वेगळा असेल. लेखकांनी अशी वेळ शोधली की तोपर्यंत सगळे एकाच कुंपणात होते आणि मग बाहेरच्या कारणाने कुंपण एकदम रुंद झालं. कंपन्यांच्या व्यवसायाची रचना मात्र आधीपासून ठरलेली होती. कुंपण रुंदावल्यावर कोण किती लांब गेलं, हे त्या जुन्या रचनेशी ताडून बघायचं. प्रयोगशाळा नसताना प्रयोग करण्याची ही रीत आहे. प्रस्ताव लिहिताना 'मी या दोन चलांमधला संबंध तपासणार' एवढ्यावर थांबू नका. 'कशामुळे बदल झाला, आणि तो बदल माझ्या चलांच्या बाहेरून आला का' हे लिहा.

मला त्याहून जास्त आवडलं ते हे की लेखकांनी धोका शोधताना तोटा मोजला नाही. तोटा मोजला असता तर 2007 पर्यंतचं उत्तर 'धोका जवळपास शून्य' असंच आलं असतं. त्यांनी विचारलं की संधी मिळाल्यावर हे फंड काय करतील आणि तसं करण्यात त्यांना काय फायदा आहे. क्वचित घडणाऱ्या संकटाच्या बाबतीत घटना मोजण्यापेक्षा वागणूक मोजणं जास्त उपयोगी पडतं. पूल अजून पडला नाही यावरून तो मजबूत ठरत नाही. त्यावरून रोज किती टनांचे ट्रक जातात ते बघावं लागतं.

मला न पटलेल्या गोष्टी

पहिली गोष्ट मोजपट्टीबद्दल. पेपरमध्ये फंडाच्या धोक्याचं मुख्य माप आहे स्प्रेड, म्हणजे सरकारी ट्रेझरी बिलापेक्षा फंडाने किती जास्त व्याज कमावलं ते. लेखक कागदांचे प्रकार आणि मुदतही बघतात, तेव्हा सगळा भार या एकाच मापावर नाही. तरी प्रश्न उरतो. जास्तीचं व्याज कशाकशाचं मिळतं? एक, पैसे बुडण्याच्या शक्यतेचं. दोन, कागद पटकन विकता न येण्याचं. आणि तिसरा भाग उलट्या दिशेने काम करतो: ज्या बँकेला सरकार बुडू देणार नाही असं बाजाराला वाटतं, तिच्या कागदावर कमी व्याज मिळतं. म्हणजे स्प्रेड लहान आहे याचा अर्थ धोका लहान असाही होईल, किंवा धोका दुसऱ्या कोणाच्या खिशातून भरला जाईल असंही. तीन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळल्या की 'धोका वाढला' हे विधान नेमकं कशाबद्दल आहे ते धूसर होतं.

दुसरी गोष्ट चौथ्या दाव्याबद्दल. विदेमध्ये फंड भरपूर, आठवडे भरपूर, म्हणून ओळी भरपूर. पण लोक पळण्याची मोठी घटना किती? एक. सप्टेंबर 2008. शंभर फंडांवर एकाच दिवशी एकच वीज पडली तर ती शंभर स्वतंत्र निरीक्षणं होत नाहीत. तेव्हा 'सॅम्पल साइझ लहान आहे' हे ठरलेलं उत्तर इथे जरा सुधारून द्यावं लागेल: ओळी पुष्कळ आहेत, घटना एकच आहे. मुलाखतीत असं सांगितलंत तर समोरच्याला कळेल की तुम्ही पेपर वाचलाय.

यालाच जोडून आणखी एक मुद्दा आहे. संख्याशास्त्रात ज्याला सेन्सर्ड डेटा म्हणतात तसा हा प्रकार आहे. म्हणजे खरं मूल्य एका रेषेपलीकडे गेलं की ते आपल्याला दिसतच नाही. 2008 मध्ये जाहीरपणे मोडलेला मोठा फंड एकच. पण बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी 2012 मध्ये फंडांचे हिशेब तपासले, तेव्हा असं निघालं की चालवणाऱ्या कंपनीने स्वतःचे पैसे ओतले नसते तर 2007 ते 2011 या काळात किमान 21 फंड मोडले असते. हे बाकीचे फंड इतिहासात 'सुरक्षित' म्हणून नोंदले गेले. कात्स्पेर्चिक आणि श्नाबल यांना चालक कंपनीच्या भूमिकेची चांगली जाण आहे, त्यांचा तिसरा दावाच त्यावर उभा आहे. पण फंडाची सुरक्षितता आणि फंडाला वाचवणाऱ्याची ऐपत या दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात, हे वाचकाला त्यांच्यापेक्षा ठळकपणे सांगण्याची गरज आहे.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी: खर्च. पेपरमध्ये खर्चाचं प्रमाण येतं, पण ते नियंत्रण चल म्हणून, म्हणजे गणितात धरायचं आणि पुढे जायचं. प्रश्न म्हणून ते येत नाही. खरं तर धोका घेण्यामागचं कारण त्यातच सापडू शकतं.

बघा. समजा बाजारात चांगल्या कागदावर 7 टक्के मिळतायत. 'अ' फंडाचा खर्च 0.15 टक्के, 'ब' फंडाचा 0.55 टक्के. दोघांनी तेच कागद घेतले तर 'अ' देणार 6.85 आणि 'ब' देणार 6.45. आता दुसऱ्या दाव्याप्रमाणे पैसा जास्त व्याजाकडे वाहतो. मग 'ब'ने काय करायचं? एक तर फी कमी करायची, किंवा 7.40 टक्के देणारे कागद शोधायचे, म्हणजे जास्त जोखमीचे. शेअर बाजारात 0.40 टक्के हा किरकोळ आकडा आहे, एका दिवसात येतो-जातो. मनी मार्केट फंडात चांगला आणि वाईट फंड यांतलं सगळं अंतरच तेवढं असतं. म्हणून इथे खर्च हा वेगळा मुद्दा आणि धोका हा वेगळा मुद्दा असं करून चालत नाही. खर्च धोक्याकडे ढकलतो.

फंड कंपन्यांना हे पूर्वीपासून माहीत आहे. सुझन क्रिस्टोफरसन यांचा 2001 चा 'जर्नल ऑफ फायनान्स'मधला पेपर याच कोड्यावर आहे: मनी फंड चालवणारे स्वतःच्या हक्काची फी आपण होऊन माफ का करतात? फी माफ केली की धोका न वाढवता व्याज जास्त दिसतं. 2009 नंतर अमेरिकेत व्याजदर शून्याजवळ गेले तेव्हा तर पूर्ण फी घेतली असती तर गुंतवणूकदाराच्या हातात उणे परतावा आला असता, म्हणून फी सर्रास माफ झाली. हे दोन पेपर एकमेकांशेजारी ठेवून वाचले तर पुढचा प्रश्न समोर येतो: फी माफ करण्याची ऐपत नसलेला फंड कुठे जातो?

हे निष्कर्ष आपल्याकडे लागू होतात का?

परदेशी पेपर वाचून थेट 'भारतातही असंच आहे' असं लिहू नका. आधी शब्द तपासा. सेबीच्या ऑक्टोबर 2017 च्या वर्गवारीप्रमाणे आपल्याकडे 91 दिवसांपर्यंतच्या कागदांचा तो लिक्विड फंड, आणि एक वर्षापर्यंतच्या कागदांचा तो मनी मार्केट फंड. लोक थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायला जो वापरतात तो बहुधा लिक्विड फंड. म्हणजे अमेरिकेतल्या मनी मार्केट फंडाचा आपल्याकडचा जवळचा नातेवाईक लिक्विड फंड ठरतो, नाव सारखं असलेला फंड नाही. शिवाय पेपरचा मुख्य नमुना कंपन्या आणि संस्थांचा पैसा सांभाळणाऱ्या प्राइम फंडांचा आहे. फेलोशिपचे दोन लाख ठेवणारा विद्यार्थी त्यात नाही. पण लक्षात घ्या, आपल्या लिक्विड फंडांतही मोठा पैसा कंपन्यांचाच असतो. पळायची वेळ आली तर आधी कळणार त्यांना, आपल्याला नाही.

दुसरा फरक किंमतीचा. आपल्याकडे एनएव्ही कधीच एका आकड्यावर बांधलेली नव्हती. पण थोड्या मुदतीच्या कागदांना बाजारभाव न लावता रोजचं व्याज जमा करत जाण्याची मुभा होती. त्यामुळे लिक्विड फंडाचा आलेख पट्टीने काढल्यासारखा सरळ दिसायचा. आकडा वेगळा, तराजूचा दोष तोच. एक एप्रिल 2020 पासून सेबीने ही मुभा पूर्ण काढून घेतली. आता रोज बाजारभाव लावावा लागतो, म्हणून आलेख किंचित हलतो. फंड जास्त धोकादायक झालेत असा त्याचा अर्थ नाही, तराजूचं लीस्ट काउंट सुधारलंय.

आणि मोडल्याची उदाहरणं? फेब्रुवारी 2017 मध्ये बल्लारपूर इंडस्ट्रीजच्या कागदांचं रेटिंग एकदम खाली आलं आणि टॉरस लिक्विड फंडाची एनएव्ही एका दिवसात सुमारे 7 टक्के पडली. वर्षभराचं व्याज एका दिवसात गेलं. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएसने पैसे थकवले. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत तिला सर्वोच्च रेटिंग होतं. काही लिक्विड फंडांकडेही तिच्या समूहाचे कागद होते, त्यांच्या गुंतवणूकदारांनी तोटा सोसला. 'फक्त उत्तम रेटिंगचे कागद घेतो' हे वाक्य यामुळे किती आधार देतं ते तुम्हीच ठरवा.

वाचवणारा हातही आपल्याकडे आहे. म्युच्युअल फंडांना पैशांची चणचण भासली तेव्हा रिझर्व्ह बँकेने बँकांमार्फत खास खिडकी उघडली: ऑक्टोबर 2008 मध्ये 20,000 कोटींची, जुलै 2013 मध्ये 25,000 कोटींची, आणि फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे योजना बंद केल्यावर 27 एप्रिल 2020 ला 50,000 कोटींची. या खिडक्यांमधून किती उचल झाली हा वेगळा विषय. त्या उघडल्या या बातमीनेच बरेच लोक शांत होतात. म्हणजे आपल्याकडचा 'लिक्विड फंड सहसा मोडत नाही' हा अनुभवही थोडाफार सेन्सर्डच आहे.

इथे संशोधनाला जागा आहे

टीका करून थांबलो तर ती अर्धीच राहते. कात्स्पेर्चिक आणि श्नाबल यांनी जे सोडलं ते करायला आपल्याकडे एक सोय आहे. जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेचे दोन प्लॅन असतात, डायरेक्ट आणि रेग्युलर. दोघांचे कागद तेच, मॅनेजर तोच, धोका तोच. फरक फक्त खर्चाचा, कारण रेग्युलरमधून वितरकाचं कमिशन जातं. दोन्ही एनएव्हींच्या वाढीतला फरक काढला की धोक्याचा भाग वजा होतो आणि निव्वळ खर्च हातात राहतो. एका योजनेच्या पोटात असा स्वच्छ जोड सापडणं हे भाग्य समजा. रोजची एनएव्ही ॲम्फीच्या वेबसाइटवर फुकट मिळते, आणि रोखे योजनांच्या कागदांची यादी फंड कंपन्या दर पंधरवड्याला जाहीर करतात.

मग प्रश्न असा मांडता येईल: ज्या फंडांचा खर्च जास्त, त्यांनी सप्टेंबर 2018 च्या आधी जास्त जोखमीचे कागद घेतले होते का? एक एप्रिल 2020 ला तराजू बदलल्यावर त्यांनी कागद बदलले का? यातल्या अडचणीही लिहा. डायरेक्टचे ग्राहक आणि रेग्युलरचे ग्राहक वेगळे असतात. एप्रिल 2020 मध्ये नियम बदलला त्याच सुमारास लॉकडाउनही लागला, त्यामुळे दोन्हींचे परिणाम सोडवून दाखवणं सोपं नाही. अशा अडचणी आपण आधी सांगितल्या तर परीक्षक त्या आपल्याला विचारत बसत नाहीत.

आणि तुमचे पैसे?

पेपर वाचून खातेदाराने काय घ्यायचं? माझ्या मते चार प्रश्न.

एक, या फंडाने मागच्या वर्षी इतरांपेक्षा जास्त दिलं असेल तर ते कुठून आलं? कमी खर्चातून की जास्त जोखमीच्या कागदांमधून? कागदांची यादी आणि खर्चाचं प्रमाण शेजारी ठेवलं की हे दहा मिनिटांत कळतं. जास्त परतावा ही बक्षिसाची नाही, चौकशीची गोष्ट आहे.

दोन, खर्च किती? दोन लाखांवर 0.40 टक्के म्हणजे वर्षाला 800 रुपये. शिवाय युनिट घेताना 0.005 टक्के स्टॅम्प ड्यूटी, लाखाला 5 रुपये. लिक्विड फंडातून सात दिवसांच्या आत काढले तर छोटा एक्झिट लोड, पहिल्या दिवशी 0.0070 टक्के, म्हणजे लाखाला 7 रुपये. हे दोन आकडे किरकोळ आहेत, दरवर्षी कापला जाणारा पहिला आकडा तसा नाही. आणि एप्रिल 2023 नंतर घेतलेल्या रोखे फंडांचा नफा कितीही दिवसांनी काढला तरी तुमच्या स्लॅबनेच करपात्र असतो. एफडीशी तुलना करताना जुने लेख वाचू नका.

तीन, पैसे किती पटकन हवेत? लिक्विड फंडातून लगेच काढण्याची सोय असते ती दिवसाला 50,000 रुपये किंवा शिलकेच्या 90 टक्के, यांतली जी रक्कम कमी तेवढीच. बाकीचे सहसा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी. मेसचं बिल आणि परीक्षेची फी यासाठीचे पैसे बचत खात्यात असलेलेच बरे.

चार, बुडाले तर कोण देणार? बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे. फंडाला विमा नाही, सवय आहे: आजवर कोणीतरी वाचवलंय ही सवय. लिक्विड फंड वाईट आहेत असं मी म्हणत नाही. सेबीने 2019 नंतर लिक्विड फंडाला किमान 20 टक्के पैसे रोख किंवा सरकारी कागदांत ठेवायला लावलेत, आणि बहुतेक दिवशी बहुतेक फंड आपलं काम नीट करतात. पण 'एफडीसारखंच' हे वाक्य चुकीचं आहे. एफडीत बँकेचा धोका विमा घेतो. फंडात तो आपण घेतो, आणि त्याचं थोडंसं जास्त व्याज आपल्याला मिळतं, तेही खर्च वजा जाऊन.

या पेपरमधून मी एवढं घेतलं: स्थिर दिसणारी रेषा दिसली की आधी ती कोणत्या पट्टीने काढली आहे ते विचारायचं. प्रबंधात तुमचा डेटा फार गुळगुळीत दिसायला लागला तरी हेच करा.

मूळ पेपर मिळाला तर आधी त्यातले तक्ते बघा, मजकूर नंतर वाचा. आणि खर्चाच्या प्रश्नावर कोणाला प्रस्ताव लिहायचा असेल तर जरूर लिहा. डेटा कसा उतरवून घ्यायचा आणि डायरेक्ट-रेग्युलरचा फरक कसा काढायचा, ते पुढच्या लेखात पायरी-पायरीने दाखवते.